पोटभर सलाईन

"अहो डॉक्टर, निदान एखादं सलाईन तरी लावा! थोडी ताकद येईल."

हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलं असणार. कुणास ठाऊक, म्हटलंही असेल. आपल्याकडे ताप असो, जुलाब असोत नाहीतर नुसता थकवा असो, सलाईन लावलं की घरच्यांना हायसं वाटतं. त्यातही साध्या बाटलीपेक्षा पिवळी बाटली जास्त ताकदीची, असा एक समज आहे. भेटायला येणारा माणूस आधी पेशंटकडे नाही, बाटलीकडे बघतो. "कितवी?" "तिसरी चालू आहे." "मग हरकत नाही."

आज या बाटल्यांबद्दल लिहायचंय. खरं तर गेली काही वर्षं लिहायचं टाळत होतो, कारण या गोष्टीतला थोडा दोष माझा आहे.

२०१९ च्या पावसाळ्यात माझ्या आत्याच्या आतड्याला पीळ पडला. त्याआधी बारा-तेरा दिवस तिचं पोट दुखत होतं आणि ती दोन घास ताक-भात, कधी नुसता चहा, यावर दिवस काढत होती. श्रावण असल्यामुळे तिचे उपास चालूच होते, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही. शेवटी उलट्या सुरू झाल्या तेव्हा तिला जिल्ह्याच्या गावी नेलं. त्याच रात्री ऑपरेशन करून आतड्याचा काळा पडलेला भाग काढून टाकला. पण पुढे आतल्या जोडातून गळती सुरू झाली. तोंडानं काही द्यायचं नाही. कॉटच्या डोक्याशी 'एनबीएम' अशी पाटी आणि स्टँडला बाटली.

आम्ही सगळे त्या बाटलीकडे बघून निर्धास्त होतो. चालू आहे ना सलाईन? मग झालं.

आता जरा हिशोब बघा. साधं नॉर्मल सलाईन म्हणजे एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ. त्यात कॅलरी किती? शून्य. ग्लुकोजची जी पाच टक्क्यांची बाटली असते, त्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर. म्हणजे साधारण ८५ कॅलरी, एका लहान पोळीइतक्या. दिवसभरात अशा चार बाटल्या चढवल्या तरी माणूस चार पोळ्यांवर राहिला. त्यात ना प्रथिनं, ना तूप-तेल. सलाईन पाणी आणि क्षार भरून काढतं, रक्तदाब सांभाळतं, जुलाबात जीव वाचवतं. पण ते जेवण नव्हे. आम्ही भाचे-पुतणे सगळे शिकलेले, दोघे तर इंजिनियर. पण हा भागाकार कुणी केला नाही.

ऑपरेशनच्या दहाव्या दिवशी तिथल्या सर्जननी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, आता शिरेतून अन्न द्यावं लागेल. टीपीएन म्हणतात त्याला. साखर, अमिनो आम्लं, स्निग्ध पदार्थ, क्षार, जीवनसत्त्वं, सगळं एका पिशवीतून थेट रक्तात. मला बरं वाटलं. पण पुढचं वाक्य ऐकून माझं डोकं फिरलं.

"पहिल्या दिवशी फक्त चारशे कॅलरी देऊ. मग रोज रक्त तपासत हळूहळू वाढवू."

"चारशे? अहो डॉक्टर, चारशे कॅलरीचा तर माझा सकाळचा नाश्ता असतो!"

"त्या खूप दिवस उपाशी आहेत. एकदम दिलं तर झेपणार नाही."

मला वाटलं, यांना अनुभव नसेल. नाहीतर पिशवी महाग म्हणून पुरवून वापरत असतील. घरात खल झाला. ताई (आत्याची मुलगी) रडायला लागली, "आईची हाडं दिसायला लागलीत आणि हे म्हणे चारशे!" ५२ किलोची बाई ४१ वर आली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही ॲम्ब्युलन्स केली आणि तिला शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. 'स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत' या कागदावर सही माझी आहे.

तिथे रात्री ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "किती दिवस जेवलेल्या नाहीत?"

मी म्हणालो, "ऑपरेशन झाल्यापासून. दहा-अकरा दिवस."

आधीचे बारा-तेरा दिवस मी मोजलेच नाहीत. मला ते उपाशी दिवस वाटलेच नव्हते, ते 'श्रावणाचे उपास' होते. वर हेही म्हणालो, "पैशाची काळजी करू नका. पूर्ण चालू करा." रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल होते. दुधासारखी पांढरीशुभ्र पिशवी लागली. दिवसाला दीड हजार कॅलरी. आम्ही एकमेकांकडे बघून हुश्श केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या म्हणाली, "हाताला मुंग्या येतायत रे." दुपारी पाय सुजले. संध्याकाळी धाप लागली, बोलणं असंबद्ध झालं, नाडी वेडीवाकडी. मधुमेह नसलेल्या बाईची साखर साडेतीनशे. रात्री व्हेंटिलेटर. आयसीयूतल्या मोठ्या डॉक्टरबाईंनी रक्तातलं फॉस्फेट तपासायला पाठवलं, ते ०.९ आलं. ते अडीच ते साडेचारच्या दरम्यान असायला हवं. त्यांनी पिशवीचा वेग एकदम कमी केला आणि मला विचारलं, "या नक्की किती दिवस जेवल्या नव्हत्या?"

या वेळी मी बोटांवर मोजलं. तेवीस.

*

याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. आत्या आयसीयूत होती तेव्हा बाहेरच्या खुर्चीवर बसून मी हे वाचायला लागलो आणि नंतरही वाचत राहिलो. डॉक्टर नाही मी. पण जे समजलं ते आपल्या भाषेत सांगतो.

अन्न मिळेनासं झालं की शरीर दुकान बंद केल्यासारखं वागतं. इन्सुलिन कमी होतं, साखरेऐवजी अंगातली चरबी जाळायला सुरुवात होते, स्नायू झिजतात. या काळात पेशींमधला फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचा साठा रिकामा होत जातो. पण रक्तातलं प्रमाण मात्र बरेच दिवस ठीकठाक दिसत राहतं! म्हणजे गल्ल्यात रोजच्यासारखे चार पैसे आहेत, पण मागचं कोठार कधीच मोकळं झालंय. रिपोर्ट बघणाऱ्याला गल्ला दिसतो, कोठार दिसत नाही.

अशा शरीरात अचानक भरपूर साखर आली की इन्सुलिन उसळतं. पेशींची दारं उघडतात आणि त्या रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम अधाशासारखं ओढून घेतात. शरीर ज्या रूपात ऊर्जा वापरतं, त्या एटीपीच्या प्रत्येक रेणूत तीन फॉस्फेट असतात. फॉस्फेटच संपलं तर साखरेचा ढीग असून ऊर्जा नाही. छातीचा पडदा थकतो, श्वास घेववत नाही. हृदयाचे ठोके चुकतात. इन्सुलिनमुळे शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, त्यानं सूज येते. आत्याची साखर वाढली म्हणून वरून आणखी इन्सुलिन दिलं होतं. साखर खाली आली खरी, पण त्या इन्सुलिननं फॉस्फेटही पेशींत ढकललं असणार.

आणि बी-वन, म्हणजे थायमिन. साखर नीट जाळायला हे जीवनसत्त्व लागतंच. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. ते नसताना साखर ओतत गेलं की ती अर्धवट जळते आणि रक्तात लॅक्टिक आम्ल साचतं. १९९७ च्या सुमारास अमेरिकेत शिरेतून द्यायच्या मल्टिव्हिटॅमिनचा देशभर तुटवडा पडला होता. तेव्हा टीपीएनवरच्या काही पेशंटना नेमकं हेच झालं, आणि कारण निघालं पिशवीत नसलेलं थायमिन. त्याआधीच्या तुटवड्यात, १९८० च्या दशकाच्या शेवटी, माणसं दगावलीही होती. गंमत बघा, आपल्या त्या पिवळ्या बाटलीचा पिवळेपणा जीवनसत्त्वांचाच असतो. लोक तिला ताकदीची बाटली म्हणतात ते चूक, पण उपाशी माणसाला ग्लुकोज देण्याआधी त्यातलं बी-वन खरंच जीव वाचवू शकतं.

यातलं काही नवीन नाही, हे वाचताना मला जास्त लागलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, एप्रिल १९४५ मध्ये, ब्रिटिश सैन्य बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत शिरलं. समोर हजारो सापळे. सैनिकांनी आपल्याजवळचं मांसाचं, चरबीचं डबाबंद अन्न वाटलं. दयेपोटीच. पण ते अन्न अनेकांना सोसलं नाही. सुटका झाल्यावरही त्या छावणीत हजारो माणसं मेली. बहुतेक टायफस आणि उपासमारीनं. पण आलेलं अन्नही काहींच्या मुळावर उठलं. मग डॉक्टरांनी जे वापरून पाहिलं, त्याचं नाव होतं 'बेंगॉल फॅमिन मिक्श्चर'. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात इथल्या भुकेल्यांसाठी बनवलेलं दूध-साखरेचं मिश्रण! आपल्याकडच्या भुकेचा धडा तिकडे युरोपात पोचला होता. तिकडच्या कैद्यांना ते फार गोड लागलं, हा भाग वेगळा.

शिरेतून पूर्ण जेवण देता येतं हे त्यानंतर वीसेक वर्षांनी सिद्ध झालं. फिलाडेल्फियात डॉ. स्टॅनली ड्युड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी बीगल जातीच्या कुत्र्याच्या पिल्लांना नुसतं शिरेतून अन्न देऊन वाढवलं. मग १९६७ मध्ये, जिचं लहान आतडं जवळजवळ नव्हतंच अशा एका तान्ह्या मुलीला. ती बावीस महिने जगली. आज आतडं गमावलेली कितीतरी माणसं घरी रात्री पिशवी लावून वर्षानुवर्षं जगतायत. तेव्हा टीपीएनला नावं ठेवायला मी हे लिहीत नाहीये. ते नसतं तर आत्या आज नसती.

पण इतकं प्रभावी साधन हाती आल्यावर ते जोरात वापरावं असं वाटणारच. १९८१ मध्ये वाइन्सियर आणि क्रुमडीक या दोन अमेरिकन डॉक्टरांनी एक लेख लिहिला. दीर्घकाळ कुपोषित असलेल्या दोन पेशंटना उत्साहाच्या भरात भरपूर टीपीएन दिलं गेलं आणि दोघंही त्यातच गेले. लेखाच्या मथळ्यातच त्यांनी त्याला अति-उत्साहानं दिलेल्या टीपीएनमुळे आलेला मृत्यू म्हटलंय. तो 'अति-उत्साह' वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. तो काही फक्त डॉक्टरांचा नसतो.

*

आता कुणी म्हणेल, आपल्या आज्यांना हे सगळं ठाऊक होतं! मुदतीच्या तापानंतर त्या आधी पेज द्यायच्या, मग मऊभात, मग वरण. आयुर्वेदातही शोधनानंतर पेया, विलेपी असा पायरी-पायरीनं आहार वाढवायचा संसर्जनक्रम सांगितलाय. विझत आलेल्या चुलीवर कुणी एकदम ओंडका टाकत नाही, काटक्या टाकतो. हे शहाणपण खरंच आहे आणि आम्ही ते विसरलो. आजीच्या हातची पेज आम्हाला कळायची, पण पिशवी दिसली आणि अक्कल गहाण पडली.

मात्र छाती फुगवायचंही कारण नाही. पेज म्हणजे शेवटी पिष्टच. महिनाभर उपाशी असलेल्या माणसाला वाटीवर वाटी पेज पाजली तर हेच सगळं तोंडावाटेही होऊ शकतं. आणि फॉस्फेट किती आहे हे आजीला कळायचा काही मार्ग नव्हता. तिचा सावकाशपणा आणि प्रयोगशाळेचा आकडा, दोन्ही लागतात.

मग करायचं काय? माझं मत एवढंच आहे, की उपाशी दिवस मोजले पाहिजेत. ताप मोजतो, रक्तदाब मोजतो, लघवीसुद्धा मोजतो; पण माणूस किती दिवस जेवला नाही हे केसपेपरवर ठळकपणे लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही. आणि हा आकडा यंत्र सांगू शकत नाही. तो घरचेच सांगू शकतात. उपास, पथ्य, 'तोंडाला चव नाही', 'दात दुखतोय', सगळे दिवस धरून.

२००६ पासून ब्रिटनमध्ये यासाठी लेखी सूचना आहेत. पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काही खाल्लं नसेल तर पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका. धोका मोठा असेल, उदाहरणार्थ दहा दिवसांहून जास्त उपास, तर वजनाच्या किलोमागे दहा कॅलरीपासून सुरुवात करा आणि चार ते सात दिवसांत हळूहळू पूर्ण गरजेवर न्या. अन्न सुरू करण्याआधीपासून थायमिन द्या. आत्याचं वजन ४१ किलो. गुणा दहानं. जिल्ह्याच्या गावच्या त्या सर्जनचे चारशे कुठून आले ते मला तेव्हा कळलं. कंजूषपणा नव्हता तो, गणित होतं.

अर्थात यावर डॉक्टरांमध्ये वाद आहेत. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०२० मध्ये पहिल्या दिवसासाठी किलोमागे दहा ते वीस कॅलरी अशी थोडी सैल मर्यादा सुचवली. फार घाबरून फार कमी देत राहिलं तर माणूस उपासमारीनंच जाईल, ही भीतीही खोटी नाही. उलट बाजूनं, २०११ मध्ये बेल्जियममधल्या एका मोठ्या अभ्यासात आयसीयूतल्या ४६४० पेशंटना घेतलं होतं. तोंडावाटे वा नळीनं पुरेसं अन्न जात नसताना काहींना पहिल्या दोन दिवसांतच शिरेतून अन्न दिलं, काहींना आठव्या दिवसानंतर. उशिरा दिलेल्यांना जंतुसंसर्ग कमी झाला आणि ते आयसीयूतून लवकर बाहेर पडले. त्यात आधीच अगदी कृश असलेली माणसं नव्हती, त्यामुळे आत्यासारखीला तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही. पण 'लवकर आणि भरपूर' हे आपोआप चांगलं, या समजाला त्यानं चांगलाच धक्का दिला.

माझी तक्रार मात्र घाईबद्दलच नाही, आधीच्या ढिलाईबद्दलही आहे. दहा दिवस नुसत्या सलाईनवर ठेवायचं आणि मग अकराव्या दिवशी जागं होऊन सगळं एकदम ओतायचं, या दोन्ही एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच कुणी विचारलं असतं, 'यांच्या पोटात, निदान शिरेत, किती कॅलरी जातायत?' तर खड्डा एवढा खोल झालाच नसता.

म्हणून, तुमच्या घरचं कुणी 'तोंडानं काही नाही' अशा पाटीखाली असेल तर डॉक्टरांशी भांडू नका, पण तीन गोष्टी जरूर विचारा. आज एकूण किती कॅलरी गेल्या? अन्न सुरू करण्याआधी बी-वन दिलं का? आणि फॉस्फेट, मॅग्नेशियम, पोटॅशियम सुरुवातीचे काही दिवस रोज बघणार का? 'इलेक्ट्रोलाइट्स' म्हणून जो नेहमीचा रिपोर्ट येतो, त्यात बहुधा सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइडच असतं. फॉस्फेट वेगळं सांगून तपासावं लागतं. आणि डॉक्टर 'हळूहळू' म्हणाले तर कृपा करून हॉस्पिटल बदलू नका.

आता कुणी विचारेल, त्या मोठ्या हॉस्पिटलची काहीच चूक नाही का? आहे. तेवीस काय, अकरा दिवसांच्या उपासालाही दीड हजार जास्तच होते, आणि फॉस्फेट पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. पण त्या तरुण डॉक्टरसमोर रात्री अकरा वाजता पाच-सहा नातेवाईक उभे होते आणि त्यातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा मी होतो, हेही तितकंच खरं. नातेवाईकांच्या प्रेमाचं ओझं डॉक्टरच्या हातावर पडतं. तो हात मग पिशवीचा वेग वाढवतो.

आत्या अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होती. पिशवी हळूहळू वाढवत, फॉस्फेट शिरेतून देत देत ती सावरली. गळती आपोआप बंद व्हायला पुढे सव्वा महिना लागला. तळपायांना अजून बधिरपणा आहे, चप्पल पायातून निसटली तर तिला कळत नाही.

त्या सर्जनना मी नंतर फोन केला होता. माफी मागायची होती, पण नीट जमलं नाही. ते एवढंच म्हणाले, "बऱ्या आहेत ना? मग झालं."

गेल्या दिवाळीत आत्याकडे जेवायला गेलो होतो. तिला मी सगळं सांगितलंय, दिवस मोजायला चुकलो तेही. ती पाटावर बसून वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "अरे, तुझा जीव तुटत होता म्हणून तू भांडलास, ते कळतं मला. पण उपाशी मी होते. घाई तुला रे कसली?"

मी काय बोलणार? पानातला भात मुकाट्यानं कालवायला लागलो.